तणमोर आलं का?

मालेगावच्या आमच्या ऑफिसात लाइट टिकत नाही, नेटवर्क टिकत नाही, किस्से मात्र टिकतात. एक झाडून बाहेर काढावा, तोवर दुसरा दार ढकलून आत येतो! आणि दार ढकललं की मी दचकते.

मी कशालाही दचकते. कुकरच्या शिट्टीला, फोनच्या व्हायब्रेशनला, मागून कुणी 'मॅडम' म्हटलं तरी. आमचे वानखडे सर मला 'ऑफिसचा सायरन' म्हणतात. ऑफिसात आम्ही दोघंच. काम एकच : तणमोर वाचवणं. हा कोंबडीएवढा पक्षी. माळावरच्या गवतात राहतो आणि पावसाळ्यात नर मादीला खूश करायला गवतातून उंच उड्या मारतो. गवत गेलं की तोही गेला. म्हणून आम्ही दुकानादुकानांत जाऊन व्यापाऱ्यांकडे मदत मागतो.

सगळ्यात महत्त्वाचे व्यापारी म्हणजे कांतिशेठ. आमच्या ऑफिसच्या खालीच त्यांचं कृषी केंद्र आहे. मेडशीजवळ त्यांचा गवताचा मोठा पडीक पट्टा आहे, आणि एका मेंढपाळाने तणमोर तिथेच पाहिला होता. शेठना तो पट्टा नांगरून हरभरा घ्यायचा होता.

म्हणजे आधी शेठना पटवणं आलं. ते काम सरांनी सायरनकडे दिलं!

* * *

मी भाषण पाठ करून गेले. "शेठजी, आम्हाला तणमोरासाठी तुमची मदत हवी."

शेठनी चष्मा वर केला. "कोणत्या कंपनीचं?"

"अं?"

"रुंद पानावर चालते का गवतावर?"

मी इतकी घाबरले होते की म्हणाले, "गवतावर... म्हणजे गवतातच असतो."

"मार्जिन काय देता?"

त्यांना वाटलं, तणनाशक आलंय नवीन! सर खाली येऊन समजावेपर्यंत शेठनी सँपलसुद्धा मागितलं होतं.

* * *

पाखरू आहे म्हटल्यावर शेठ थोडे नरमले. "जीव असन त मी सोता ट्रॅक्टर थांबवतो. पण पह्यले दाखवा. माह्या दुकानात रोज गिऱ्हाईक येते, तुमचं पाखरू कोनालेच दिसत नाही! पोळ्यापर्यंत दाखवा. पोळा झाला का नांगर घालतो."

तोवर दुकानात पोस्टर लावायला मात्र परवानगी दिली. जागा एकच मोकळी होती, तणनाशकांच्या दोन जाहिरातींच्या मधे. पोस्टरवर आम्ही मोठ्या हौसेने लिहिलं होतं, 'तणमोर : तुमच्या वावराचा मित्र'.

दुसऱ्या दिवशीपासून सुरू! "शेठ, थे तणमोर द्या एक लिटर." "शेठ, तणमोर आलं का?" रिठदचा एक जण तर बाटली घेतल्याशिवाय हलेना.

शेवटी शेठनी खालून फोन केला. मी दचकून उचलला.

"मॅडम, तुमच्या पाखराचा डोस किती हाय? एकरी सांगा, नाही त हा मानूस मले जेवू देत नाही!"

* * *

बंडूभाऊ फ्लेक्सवाले म्हणजे मोठ्या मनाचा माणूस. "ताई, पाखरासाठी फ्लेक्स माह्याकडून फुकट!" आम्ही धन्य झालो.

फुकटात डिझाइन मात्र जुनंच असतं. सकाळी बसस्टँडसमोर फ्लेक्स लागला. मधे तणमोराचा फोटो, मागे सोनेरी किरणं, डोक्यावर मुकुट आणि खाली : 'आमचे मार्गदर्शक, दमदार नेतृत्व मा. तणमोर यांना हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक : समस्त व्यापारी मंडळ.'

"बंडूभाऊ, हे काय?"

"वाढदिवस खोडला ना मी, ताई! बाकी का वाईट हाय?"

तेवढ्यात एका आजोबांनी सरांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मानूस बरा दिसते. कोन्या वॉर्डातून उभा हाय?"

* * *

मेडशीच्या स्टँडवरच्या हॉटेलवाल्या काकांना आम्ही सांगून ठेवलं होतं, तणमोर दिसल्याचं कुणी बोललं तर लगेच कळवा.

एका दुपारी फोन आला. "मॅडम, जल्दी या! तणमोर येऊन बसला हाय!"

"कुठे?"

"हॉटेलात. च्या पाजून थांबवला."

मी मिळाली ती एसटी पकडली. उतरले तर काकांनी एका घामाघूम माणसाला बाकावर कोपऱ्यात कोंडलेलं. बियाण्याच्या कंपनीचा प्रतिनिधी. नाव, तन्मय मोरे!

"मॅडम," तो कळवळून म्हणाला, "माझं काही चुकलं का?"

* * *

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात मला तो खरंच दिसला. शेठच्याच पट्ट्यात. मी कॅमेरा लावून बसले होते, आणि अगदी समोरून, फडाड्! काळाभोर पक्षी माझ्या डोक्याच्याही वर!

मी काय करणार? किंचाळले.

फोटो आला. त्यात निम्मं आभाळ होतं आणि निम्म्यात माझीच चप्पल.

शेठनी तो फोटो बराच वेळ निरखला. "पाखरू सहा नंबरचं दिसते."

"शेठजी, शपथ, होता तो!"

"पोरी, चपलीसाठी मी हरभरा कसा सोडू?"

त्या रात्री मी जेवले नाही. ज्या पक्ष्यासाठी महिनोन्महिने चिखल तुडवला, तो माझ्याच आवाजाने जाणार होता.

* * *

पोळा झाला. बैल न्हाले, मिरवले, निजले. आणि मेडशीच्या रस्त्यावर शेठचा ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. शेठ स्वतः आलेले, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून.

"थोडा वेळ द्या," सर म्हणाले.

"देल्ला. पण हिले चूप ठेवा."

सरांनी खिशातून रुमाल काढून माझ्या हातात दिला. "तोंडात धर."

मी धरला. आम्ही तिघं गवतात उकिडवे बसलो. रस्त्यावर ट्रॅक्टर घुरघुरत होता. वारा पडलेला. शेठ घड्याळ बघायला लागले, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात बेडूक बोलावा तसा टर्र आवाज झाला, आणि शेठच्या पुढ्यातून तो उसळला! काळी मान, पांढरे खांदे, डोक्यामागे तुऱ्याची बारीक पिसं. हवेत क्षणभर टांगल्यासारखा थांबला.

"आई ऽऽ व माय!"

सरांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. रुमाल माझ्या तोंडातच होता.

शेठ चिखलात बसले होते. पांढऱ्या कपड्यांसकट.

गेला, संपलं, असं मला वाटलं. पण थोड्या वेळाने पलीकडच्या गवतातून तो पुन्हा वर आला. मग पुन्हा. शेठ तोंड उघडं टाकून मान वर-खाली करत होते.

"शेठ!" रस्त्यावरून ड्रायव्हर ओरडला. "घालू का नांगर?"

शेठ उठले नाहीत. चिखलाचं बोट ओठांवर ठेवून त्यांनी त्याला ट्रॅक्टर बंद करण्याची खूण केली, आणि आमच्याकडे वळून कुजबुजले, "गिऱ्हाईक हाय."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात उभी होते. रिठदचा तोच शेतकरी आला. पोस्टरकडे बोट दाखवून म्हणाला, "काहून शेठ, थे तणमोर आलं का?"

शेठनी चष्मा पुसला.

"आला," ते म्हणाले. "पण तो विकाले नाही."