कपाळावरचं हिरवं

मी सहा वर्षांची असताना गोंदणारी बाई आमच्या ओटीवर येऊन बसली आणि मी पळाले. माझी मोठी बहीण, जिला मी बाय म्हणायची, तेव्हा नऊ वर्षांची होती. ती मुकाट्याने मांडी घालून बसली. बाईने सुयांची जुडी काजळीत बुडवली आणि तिच्या दोन भुवयांच्या मधोमध चंद्रकोर काढली, कोरीखाली एक टिकली. मी जाळ्यांच्या ढिगामागे लपून सगळं बघत होते. बायच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण मान जागची हलली नाही. नंतर आईने मला शोधून काढलं, पाठीत दोन धपाटे घातले आणि म्हणाली, "ह्यो कुंकू जल्मात कोन पुसनार न्हाय. तुला नको तर ऱ्हा तशीच." मी तशीच राहिले.

मुरुडच्या आमच्या कोळीवाड्यात कोऱ्या कपाळाची पोर म्हणजे मी एकटी. आधी मला सगळ्या चिडवायच्या. पुढे मलाच त्याचा तोरा चढला, आणि त्याला कारण मास्तरांची बायको. जर्मनची मोठी लढाई संपून सात-आठ वर्षं झाली होती. मी शाळेत चौथीपर्यंत पोचले होते. मास्तरीणबाई मुंबईच्या, मासे आवडीने खाणाऱ्या. आई मला त्यांच्याकडे वाटा पोचवायला पाठवायची. त्यांच्याकडे हातभर आरसा होता, पावडरचा डबा होता, गुलाबी साबण होता. मी माशांची पाटी ठेवून पळत सुटायच्या ऐवजी तिथेच घुटमळायची. एकदा बाय माझ्याबरोबर आली होती. ती अंगणात टोपली खाली ठेवत असताना मास्तरीणबाई मला हळूच म्हणाल्या, "तुझी बहीण गोड आहे गं. कपाळावर ते हिरवं नसतं तर किती उठून दिसली असती."

बस, एवढंच त्या बोलल्या आणि आत गेल्या. त्यांना ते संध्याकाळी आठवलंही नसेल. मला मात्र त्या दिवसापासून चैन पडेना. रोज जिच्या शेजारी जेवायला बसायची, तिच्याकडे मी परक्या बाईच्या डोळ्यांनी बघायला लागले. कोर मला वाकडी दिसायला लागली, टिकली मोठी दिसायला लागली. एकदा मास्तरीणबाईंकडून चिमूटभर पावडर पुडीत बांधून आणली आणि बायच्या कपाळावर थापली. तिने मडक्यातल्या पाण्यात तोंड पाहिलं आणि म्हणाली, "मीठ लावल्ली सुरमई दिसतंय मी." आम्ही दोघी हसून लोळलो. पण हसणं ओसरल्यावर माझं डोकं पुन्हा तिथेच.

मग मी लिंबू आणलं. लिंबाने डाग जातो हे मला कोणी सांगितलं होतं देव जाणे. सकाळी तिच्या कपाळावर नि गालांवर रस चोळला आणि ती तशीच बोंबील उलटायला वाळवणावर गेली. दिवसभर ऊन डोक्यावर. दोन दिवसांनी गालांवर काळे पट्टे उमटले, रस जिथे ओघळला होता तिथे तिथे. ते महिनाभर गेले नाहीत. शहाण्या पोरीने तिथे थांबायला हवं होतं. पण थांबणं हा माझा स्वभाव नव्हता, आजही फारसा नाही.

अशात बायला स्थळ आलं. खाडीपलीकडे दिघीला मुलाचं घर, घरची होडी, मुलगा स्वतः मुंबईला गोदीत कामाला. वडील नव्हते, आईच सगळं बघायची. आमच्या मामांनी स्थळ आणलं होतं. ओटीवर बसून ते सांगत होते, "पोरगा शर्ट घालतंय, वाचता येतंय त्याला. पंधरा दिसांनी आवशीला घेऊन येल बघायला." आईने विचारलं, पोरीविषयी त्यांचं काही म्हणणं आहे का. मामा म्हणाले, काही नाही. एवढं स्पष्ट मी माझ्या कानांनी ऐकलं. तरीही मी मनाशी धरून बसले की मुंबईत राहणारा, शर्ट घालणारा माणूस हिरव्या कपाळाची बायको करणार नाही. स्थळ मोडेल, बाय रडेल, आणि हे सगळं मला एकटीला आधीच कळलंय. त्या पंधरा दिवसांत मी एका जागी बसून जेवले नाही. आई म्हणायची, पायाला भिंगरी लागलीय हिच्या.

चैत्र होता, काजू भाजायचे दिवस. भाजताना टरफलातलं तेल उडून हाताला लागतं, कातडी काळी पडून सोलते आणि खालून कोवळी, गुलाबी कातडी येते. हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक. मागच्या वर्षी शेजारच्या काकीने तेच तेल लावून मानेवरची चामखीळ पाडली होती. माझा हिशोब सरळ होता. चामखीळ पडते तर गोंदण का पडणार नाही? कातडीबरोबर तेही सोलून निघेल.

दुपारी आई बाजारात गेली होती. मी टरफलं ठेचून नारळाच्या करवंटीत तेल काढलं आणि झाडूचा एक हीर तोडून घेतला. बायला मागच्या दारी बसवलं. ती म्हणाली, "नको गो. ऱ्हाव दे, मला हाय त्याचा काय वाईट वाटत न्हाय." मी तिला मास्तरीणबाईंचं बोलणं सांगितलं. इतके दिवस पोटात ठेवलं होतं, ते नेमकं तेव्हा बाहेर काढलं. तिचा चेहरा उतरला. मग तिने स्वतःहून केस मागे घेतले आणि डोळे मिटले. मी हीर तेलात बुडवला, कोरीवरून फिरवला, टिकलीवर दाबला. ती जराशी शहारली तशी मी खेकसले, "हलू नको." ती हलली नाही. एकदा पुरलं असतं. मी तीनदा फिरवला.

संध्याकाळपर्यंत कपाळ सुजलं, पापण्या मिटल्या. दुसऱ्या दिवशी फोड आले, ते फुटून पाणी वाहायला लागलं, मग पू. आईने विचारलं तेव्हा बाय म्हणाली, "काजू भाजताना उडला." माझ्याकडे तिने बघितलंही नाही. आई खोबरेल लावत होती, शिव्या काजूला देत होती, आणि मी दर घटकेला वाकून बघत होते की हिरवं गेलं का. इतकी मी मूर्ख होते. कातडी सोलली, पण कोर नुसती खालच्या अंगाने तुटली. टिकली गेली आणि तिच्या जागी पुढे कवडीएवढा पांढरा, चकचकीत चट्टा आला.

ठरल्या दिवशी, जखम ओली असतानाच, मुलगा आणि त्याची आई आली. बायने पदर भुवयांपर्यंत ओढला होता. मुलाच्या आईने तो बोटाने वर केला आणि थबकली. तिच्या स्वतःच्या कपाळावर कोर आणि टिकली होती, अगदी बायच्या होती तशी. विधवा म्हणून कुंकू नव्हतं, पण ते हिरवं होतं. म्हातारी माझ्या आईला म्हणाली, "बाजारात लांबून बघितला व्हता तिला. माझ्यावानीच गोंदन, म्हनून तर मनात भरली." मग मुलाकडे वळून म्हणाली, "तुला चालल ना रं?" तो जमिनीकडे बघत म्हणाला, "जखम हाय, बरी व्हईल." मी दाराआड उभी होते. ते हिरवं कोणालाच खुपत नव्हतं. नको होतं ते मला एकटीला.

लग्न झालं. बाय चट्ट्यावर बंद्या रुपयाएवढं कुंकू लावायला लागली आणि ते तिला शोभायचं. मी मनाची समजूत काढली की झाकलं गेलं, म्हणजे मिटलं.

नऊ वर्षांनी तिचा नवरा मुंबईत तापाने गेला. निरोप आला तेव्हा माझंही लग्न झालेलं. आगरदांड्याहून तरीची होडी पकडून मी दिघीला गेले. होडी लागायच्या आत मी चिखलात उडी टाकली. घरात शिरले तर बाय कोपऱ्यात बसलेली. बायकांनी तिचं कुंकू पुसलं होतं. शेजारी सासू. दोघी विधवा, पण सासूच्या कपाळावर कोर-टिकली जशीच्या तशी होती, आणि बायच्या कपाळावर नुसता चट्टा. आईचे शब्द मला तेव्हा कळले. जे कोणालाच पुसता येणार नव्हतं ते मी आधीच पुसून ठेवलं होतं. मी तिचे पाय धरून रडले. तिने मला उठवलं, पाणी दिलं.

वर्षश्राद्धानंतर मी एका गोंदणारीला घेऊन तिच्याकडे गेले. मला ते भरून हवं होतं, काहीही करून. बाईने चट्ट्यावरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. "जलल्या कातडीत काजळी धरत न्हाय." मी हट्ट करत होते, दुसरीकडे काढ, बाजूला काढ, आत-बाहेर येरझाऱ्या घालत होते. मग बाय गोंदणारीला म्हणाली, "आलीस तशी हिला काढ. लहानपनी पललेली."

मी बसले. बाईने सुया बुडवल्या. पहिली टोच भुवयांच्या मधोमध लागली आणि माझे पाय आपोआप उठायला लागले. बायने पुढे होऊन माझं डोकं आपल्या दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "हलू नको."

मी हलले नाही.