साठ टक्के पाऊस

वर्षभराच्या कुरडया गच्चीवर वाळत होत्या आणि आभाळ भरून आलं. लेक लॅपटॉप घेऊन जिन्यापाशी बसली होती. पुढे काय घडेल यावर लोक जिथे पैसे लावतात, त्या बाजारातले भाव एआयला विचारता यावेत, असं काहीतरी ती बनवते. मी म्हटलं, "मग विचार की, आज आपल्याकडे पाऊस पडेल का?" लगेच उत्तर आलं, साठ टक्के.

मी गोंधळलोच. हे नक्की बोललं कोण? यंत्राला आभाळ दिसत नाही. ते पैसे लावणाऱ्यांकडे बघतं. आणि ती माणसं तरी आभाळाकडे बघतात, की आणखी कुठल्या यंत्राकडे?

"साठ म्हणजे उचलायच्या की राहू द्यायच्या?" बायकोनं विचारलं. लेकीनं लॅपटॉपकडे पाहिलं. मी लेकीकडे.

बायकोनं एकदा वर पाहिलं आणि निम्म्याहून थोड्या जास्त कुरडया उचलून घरात नेल्या. हसावं की मान डोलवावी, मला कळेना. उरलेल्या कुरडयांपाशी मी छत्री उघडून उभा राहिलो.