काचेवरचं स्वस्तिक

गाडीच्या सामानाच्या दुकानात मी वॅक्स निवडत होतो. शेजारच्या गृहस्थांना दुकानदार म्हणाला, "हे घ्या साहेब. चकाकी येईल आणि जुने डागही निघतील."

"डाग काढणारं नको," ते घाईघाईने म्हणाले. "दसऱ्याला आईने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, त्याचा डाग राहिलाय. आई आता नाही."

दुकानदाराने दुसरा डबा काढला.

माझ्या गाडीचा रंग अजून नव्यासारखा आहे. माझी आईही दर दसऱ्याला गाडीची पूजा करायची, पण "तुझ्या गाडीच्या रंगाला डाग पडेल रे," म्हणत स्वस्तिक मात्र काचेवर काढायची. आता तीही नाही. हातातल्या डब्याकडे बघत मी उगाच उभा राहिलो.

काच तर मी रोजच पुसत आलोय.