वाइंडिंगच्या दुकानातली तयारी

मोटरच्या वार्निशचा वास आला की मुरुडमधलं वडिलांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आठवतं. आयटीआय झालेला मी, चर्चचा पाळक व्हायचं म्हणून, तिथंच बसून सेमिनरीच्या, म्हणजे पाळकांच्या विद्यालयाच्या, प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करायचो. तत्त्वज्ञान कधी शिकलोच नव्हतो. देव दयाळू असताना दुःख का, हा धडा पुन्हा पुन्हा वाचूनही डोक्यात शिरेना. "आपल्याच्यानं हे होत न्हाई," म्हणत एका दुपारी मी पुस्तक मिटलं. तांब्याची तार गुंडाळत वडील म्हणाले, "मला सांग की, काय लिव्हलंय." मी सांगू लागलो. मध्येच त्यांनी विचारलं, "मंग तुझी माय का गेली?" पुस्तकातलं उत्तर बाजूला ठेवून मी म्हणालो, "ठाऊक न्हाई, आबा. पण मी हाय तुमच्यापाशी." त्यांनी हातातली तार खाली ठेवली. मग शेजारच्या पंक्चरवाल्याला हाक मारून म्हणाले, "आमचं पोरगं पाळक होणार हाय, लई चांगला!" पुढं परीक्षा पास झालो, आज एका चर्चची मंडळीही सांभाळतो, पण माझी छाती खरी फुगली ती त्या दुपारी.