मुतखड्याच्या आत्या

नऊ मार्च. हुलगे निवडायला घेतलेत. हुलग्यात खडे फार, आणि खडा हाताला लागला की आमच्या आत्या आठवतात.

येडशीकडं त्यांना सगळे मुतखड्याच्या आत्या म्हणत, आणि त्यांना त्याचा अभिमान होता. पावसाळा सरला की पडीक रानावरून त्या गोणपाट ओढत न्यायच्या. लोक जे सराटे शिव्या देत पायातून उपटतात, ते गोणपाटाला चिकटून घरी यायचे. त्यांचा काढा, अनशापोटी पानफुटीची पानं, वर प्यायला हुलग्याचं पातळ माडगं. मोबदला एकच: पडलेला खडा आणून दाखवायचा. ‘खडा दाखव, मंग बरा झालो म्हण.’

ते खडे तंबाखूच्या डबीत असत. पाहुण्यांना चहाबरोबर डबीही मिळे. ‘ह्यो बेंबळीच्या मास्तरचा, लेकरावानी रडत आला हुता. ह्यो तेरखेड्याच्या फटाकेवाल्याचा. म्हणला, आत्या, बार न्हाय झाला, फुसका निघाला.’

माझ्या वडिलांना, दादांना, म्हणजे आत्यांच्या बाळूला, मुतखडा झाला तेव्हा त्यांनी या थोरल्या बहिणीचाच काढा घेतला. महिने गेले, खडा पडेना. गल्लीतल्या बायका आत्यांना डिवचू लागल्या, ‘गावाचे पाडताय, भावाचा का पडंना?’ आत्यांचं जेवण तुटलं. मग एक दिवस दादा कागदाच्या पुडीत खडा घेऊन गेले. आत्यांनी गल्लीत साखर वाटली.

तो अंगणातला मुरूम होता. आम्हाला हे कळलं ते दादा मोटारसायकलवरून उतरताना कोसळले तेव्हा. मूत्रपिंड सुजलं होतं. धाराशिवला ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी खरा खडा बाटलीत घालून माझ्या हातात दिला. ‘आक्काला कळू देऊ नको,’ दादा म्हणाले. बाटली माझ्या घरी फडताळात राहिली. दादाही माझ्याकडंच होते. गाडीवरून पडले एवढंच ऐकून त्यांना भेटायला आलेल्या आत्या पेला शोधायला तेच फडताळ उघडतील, हे मला सुचलं नाही.

दादांच्या नावाची चिठ्ठी लावलेली ती बाटली त्यांनी उजेडात धरली. ‘ह्यो जर बाळूचा, तर डबीत हाय त्यो कुणाचा?’

दादांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मीही वर बघितलं नाही.

आत्या चहा न घेता उठल्या. स्टँडवर मी समजूत काढू लागले की औषध सगळ्यांनाच लागू पडतं असं नाही. त्या म्हणाल्या, ‘औषध चुकलं त्याची लाज न्हाय गं. माझ्या भावाला माझ्यापुढं दुखतंय म्हणता आलं न्हाय, त्याची लई लाज वाटती.’ आणि पदर तोंडावर ओढून बसमध्ये चढल्या.

पुढं ती डबी कुणाला दिसली नाही. औषधाला आलेल्याला त्या आधी पोटाचा ‘फोटू’ काढायला धाराशिवला पाठवत. काढा दिलाच तर बजावत, ‘मला बरं वाटावं म्हणून बोलू नगंस. खरं सांग.’ गेल्या पौषात त्या गेल्या.

पण बाटली सापडली त्या दिवसाची गोष्ट स्टँडवरच संपली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादांना आत्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. मी त्यांच्या अंगात सदरा घातला, रिक्षा केली आणि येडशीला आत्यांच्या दारात उतरवून बाहेरच थांबले. मग आतून दादांचा आवाज आला, ‘आक्का, दुखतंय गं अजून.’

मी रिक्षावाल्याला जायला सांगितलं.