यानं जोडली, साहेब

वाशिमच्या त्या भाड्याच्या सामायिक ऑफिसात आम्हां दोघांना मिळून एकच कॉम्प्युटर होता. माझा जोडीदार इथल्याच कामरगावचा, मी नववीत शाळा सोडून कोकणातून आलेला. काम बियाण्याच्या दुकानाच्या वेबसाइटचं. दिसणारी पानं मी करायचो. गोदामातला साठा त्या पानांवर आणून देणारी एपीआय तो जोडत होता. सर्व्हरशी तो बैलाशी बोलावं तसं बोलायचा. "चाल बाबू, सांग. काहून रुसला बे?" उत्तर आलं की टेबलावर थाप मारायचा. "पाह्य, बोलला!"

दोघांतला एकच कामावर ठेवणार, हे दुकानाच्या मालकानं आधीच सांगितलं होतं. एपीआय चालू झाली तेव्हा मालकानं विचारलं, "कोणी जोडली?"

मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "यानं जोडली, साहेब. मी नुसता पाहून राह्यलो होतो." मग मला हळूच म्हणाला, "माहं घर जवळच हाय. तू कुठी जाशीन?"

तो काम सोडून गावी गेला. आता मालकाला दुसरी एपीआय उद्या हवी आहे, आणि मला तिची पहिली ओळही येत नाही. मी त्याला फोन लावला. तो शेतातून सगळं समजावत राहिला. मधूनमधून विचारायचा, "समजलं ना?"

मला काहीच कळत नव्हतं. मी हो म्हणत राहिलो.