डबा घेऊन आलेली बाई

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते सुमनआक्काचे, माझ्या थोरल्या बहिणीचे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, तो तिच्यामुळे. आणि तिच्याशी मी जे वागलो, ते आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही.

आक्काची उंची जेमतेम तीन फूट. मुखेडजवळच्या आमच्या गावात आई-वडील दिवसभर शेतात असायचे, घर आक्का सांभाळायची. घर मात्र उंच माणसांच्या मापाचं! दाराची वरची कडी ती उलथन्यानं काढायची. फळीवरची बरणी हवी असली की खाली गोधड्यांची चवड रचायची आणि बरणीखालचं लोंबतं फडकं हळूहळू ओढायची — बरणी अलगद गोधडीत. मी बघत बसायचो. माझे पाढे तिनंच पाठ करून घेतले. दहावीनंतर मला शिकवायचं म्हणून वडिलांशी भांडली तीही तीच.

लातूरला कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी एक व्हिडिओ गेम बनवला. अंगठ्याएवढी मुलगी, भल्यामोठ्या घरात अडकलेली. उड्या मारत, एकेक कोडं सोडवत तिला बाहेर काढायचं. कोडी सगळ्यांना फार आवडली. पण कोडी — माझी होती का ती?

प्रदर्शनाच्या दिवशी आक्का एसटीनं आली, धपाटे घेऊन. मी बोलावलं नव्हतं. कॉम्प्युटरसमोर गर्दी होती. पडद्यावरची मुलगी उलथन्यानं कडी काढत होती. आक्का मोठ्यानं हसली, "अगं बया! ही तर माझ्यावाणीच कडी काढायली की!"

सगळे वळले. पोरं तिच्याकडे बघायला लागली — कशी, ते सांगायला हवं का? एकानं मला विचारलं, "कोण रे?"

मी म्हणालो, "गावाकडच्या बाई आहेत. डबा द्यायला आल्यात."

आक्कानं डबा टेबलावर ठेवला. मग त्या पोरालाच म्हणाली, "हाव बाबा, डबाच द्यायला आले. लई धपाटे हायेत, समदे मिळून खावा." आणि गेली.

नंतर परीक्षकांनी विचारलं, कल्पना कशी सुचली? मुंग्या बघून, मी म्हणालो. पहिलं बक्षीस मिळालं. पुढे त्याच गेमवर पुण्यात नोकरी लागली.

वय कोवळं होतं, असं म्हणू? बावीस वर्षांचा होतो मी. कळत होतं. गावी गेलो की आक्का पूर्वीसारखीच बोलायची, आणि मी मनाशी म्हणायचो — पोरांनी तिला हसू नये म्हणून तर मी तसं बोललो. नऊ वर्षं हेच म्हणत आलो.

फोनवर जमलं नसतं. गेल्या महिन्यात तिला पत्र पाठवलं. ते असं —

"आक्का,

गेममधली मुलगी तू आहेस. मी लोकांना मुंग्या सांगितल्या. तू माझी बहीण आहेस हे सांगायची मला लाज वाटली.

त्या दिवशी तू गेल्यावर मी वरच्या खिडकीत उभा होतो. समोरच्या थांब्यावर एसटीची पायरी तुला चढता येईना. दोनदा तू मागं सरलीस. पोरं बघतील म्हणून मी खाली आलो नाही. एका म्हाताऱ्यानं तुला हात देऊन वर घेतलं, तोवर मी बघत होतो.

— बालाजी"